भारतातील बांधकाम कंत्राटांतील वाद आणि सुधारणा

बांधकाम कंत्राटांतील वाद म्हणजे इमारती, रस्ते, पूल, धरणे, कालवे, लोहमार्ग इत्यादी बांधकामांच्या करारांतून काम देणारा पक्ष आणि काम करणारा पक्ष यांच्यात उद्भवणारे तंटे होत. कामाचे मोजमाप, जादा बाबींचे दर, मुदतवाढ, विलंबाबद्दलचा दंड, भाववाढ आणि अंतिम देयक हे या तंट्यांचे नेहमीचे विषय आहेत. भारतात केंद्र व राज्य शासने, त्यांची महामंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्था हेच सर्वांत मोठे काम देणारे असल्यामुळे या वादांत एका बाजूला बहुधा सार्वजनिक पैसा असतो. दुसऱ्या बाजूला एकटा कंत्राटदार नसतो. त्याला खडी, सिमेंट व यंत्रे पुरवणारे, त्याचे उपकंत्राटदार आणि शेवटी मजूर हे सारे त्याच देयकाकडे डोळे लावून बसलेले असतात.

घर घेणारे ग्राहक व विकासक यांच्यातील तंटे हा वेगळा विषय असून त्यांचा विचार मुख्यतः २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली होतो. प्रस्तुत लेखात त्यांचा समावेश नाही.

संज्ञा

‘कंत्राट’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. मक्ता आणि ठेका हे शब्दही त्याच अर्थाने रूढ आहेत, आणि मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. ‘लवाद’ हा शब्द मराठीत तंटा तोडणारी व्यक्ती आणि तंटा तोडण्याची पद्धत अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. लवादाने दिलेल्या निकालाला ‘निवाडा’ म्हणतात. शासकीय कंत्राटात अभियंता जे ठरवतो तो ‘निर्णय’ असतो. निर्णय आणि निवाडा यांतील हा भेद वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटतो, परंतु त्यावर अनेक कंत्राटदारांचे भवितव्य अवलंबून राहिले आहे. त्याची हकिकत पुढे येईल.

कंत्राटाचे प्रकार आणि जोखीम

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम व जलसंपदा विभागांत ‘बी-१’ आणि ‘बी-२’ हे कंत्राटाचे नमुने दीर्घकाळ प्रचलित आहेत. बी-१ नमुन्यात विभाग स्वतःच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक तयार करतो आणि कंत्राटदार त्यापेक्षा अमुक टक्के कमी किंवा अधिक दराने काम करण्याची तयारी दाखवतो. बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर कंत्राटदार स्वतः भरतो. या दोन्ही पद्धतींत पैसे प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मोजमापावर मिळतात. म्हणून काम वाढल्यास खर्च वाढण्याची जोखीम मुख्यतः शासनावर राहते. ठोक रकमेच्या कंत्राटात हीच जोखीम कंत्राटदाराकडे जाते.

अलीकडे महामार्गांसाठी ‘ईपीसी’ पद्धत वापरली जाते. तीत आराखडा, खरेदी व बांधकाम ही तिन्ही कामे एकाच कंत्राटदाराकडे असतात. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीत रस्ता बांधणारा पथकरातून पैसे वसूल करतो. २०१६ पासून रूढ झालेल्या ‘हॅम’ या मिश्र पद्धतीत प्रकल्पखर्चाचा ४० टक्के भाग बांधकामाच्या काळात शासनाकडून मिळतो आणि उरलेला भाग पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडला जातो.

नमुना कोणताही असला तरी कंत्राटाचा खरा विषय एकच असतो. जे आधी दिसत नाही त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे त्यात ठरलेले असते किंवा ठरवायचे राहून गेलेले असते. जमिनीखालचा खडक, उशिरा मिळालेली जागा, मध्येच बदललेला नकाशा, चढलेले पोलादाचे भाव यांपैकी काहीच निविदा भरताना हाती नसते.

वादाची कारणे

भूसंपादन पूर्ण होण्याआधी कार्यारंभ आदेश देणे, हे भारतातील विलंबाचे फार मोठे कारण आहे. वीस किलोमीटर रस्त्यापैकी मधली चार किलोमीटर जागा ताब्यात नसेल, तर यंत्रे, तंबू, कर्मचारी यांचा खर्च चालू राहतो आणि काम मात्र तुकड्यातुकड्याने होते. त्याखेरीज वनखात्याची परवानगी, वीजवाहिन्या व जलवाहिन्या हलवणे, झाडे तोडण्याची अनुमती, नकाशांना मंजुरी मिळण्यातील उशीर ही कारणे असतात. कंत्राटदाराकडूनही चुका होतात. काम मिळवण्यासाठी परवडणार नाही इतक्या कमी दराने निविदा भरायची आणि पुढे जादा बाबींच्या मागण्यांतून तूट भरून काढायची, ही प्रथा सर्वश्रुत आहे. सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम देण्याच्या नियमाने तिला खतपाणी मिळाले.

मोजमापाचे वाद वाचकाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे, पण बहुसंख्य लहान कंत्राटांत तंट्याचे मूळ तेथेच असते. कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते आणि तिच्यावरून देयक तयार होते. पायाचे खोदकाम करताना लागलेला थर मऊ मुरूम होता, कठीण मुरूम होता, मऊ खडक होता की कठीण खडक, यावर दर ठरतो, आणि या दरांत मोठी तफावत असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी तर एकाच खड्ड्यात हे चारही थर लागू शकतात. समजा, अंदाजपत्रकात १,००० घनमीटर मुरूम आणि २०० घनमीटर कठीण खडक धरला होता व प्रत्यक्षात हे प्रमाण उलटे निघाले. त्या वेळी संयुक्त मोजमाप होऊन पुस्तिकेत दोघांच्या सह्या झाल्या असतील तर प्रश्न मिटतो. तसे न होता पाया भरला गेला, की पुरावा काँक्रीटखाली गाडला जातो. तीन वर्षांनी लवादापुढे उरतात ती एकमेकांना लिहिलेली पत्रे. ज्याने वेळेवर पत्र लिहिले त्याची बाजू बळकट ठरते, मग जमिनीखाली खरोखर काहीही असो.

मुदतीचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, ठरावीक वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती पाळली गेली नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. बांधकामाच्या कंत्राटात वेळ हा गाभा असतो काय? या प्रश्नावरील प्रमुख निकालांपैकी एक महाराष्ट्रातून आला. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून पाणी नेणारा जलसेतू बांधण्याचे कंत्राट १९५५ साली बारा महिन्यांच्या मुदतीने देण्यात आले होते. मुदतीत काम न झाल्याने १९५६ मध्ये ते रद्द करण्यात आले. ‘हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये असे ठरवले की, ज्या कंत्राटात मुदतवाढीची आणि विलंबाबद्दल दंडाची तरतूद आहे, त्यात केवळ मुदत लिहिलेली आहे म्हणून ती गाभा ठरत नाही. करार रद्द करण्यापूर्वी नवी वाजवी मुदत देणारी नोटीस आवश्यक होती. सबब शासनाची कृती अयोग्य ठरली. कायद्याचे तत्त्व स्पष्ट झाले, पण एका जलसेतूच्या तंट्याला शेवटचा शब्द मिळायला २३ वर्षे लागली.

विलंबाचा दंड सामान्यतः कंत्राटाच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित असतो. तो किती वसूल करता येईल हे कलम ७४ वरून ठरते. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा समजली जाते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देववते. उलट बाजूने, शासनामुळे उशीर झाला असेल तर कंत्राटदाराला वाढीव खर्च मागता येतो. ‘के. एन. सत्यपालन विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात करारात भाववाढीची स्पष्ट तरतूद नसतानाही, शासनाने आपली जबाबदारी पार न पाडल्यामुळे काम लांबले असल्याने, कंत्राटदाराची मागणी मान्य झाली. मात्र प्रत्येक मागणीला पुरावा लागतो. दिल्लीतील दूरदर्शनच्या इमारतीच्या कामासंबंधीच्या ‘युनिब्रोस’ खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुडालेल्या नफ्याची मागणी अमान्य केली. काम लांबले एवढे दाखवून पुरत नाही. त्या काळात दुसरे काम मिळाले असते व ते सोडावे लागले, हेही सिद्ध करावे लागते.

भाववाढीच्या सूत्रावरून होणाऱ्या तंट्याचे उत्तम उदाहरण ‘सँगयाँग’ या दक्षिण कोरियन कंपनीच्या खटल्यात आढळते. मध्य प्रदेशातील चौपदरी महामार्गाच्या तिच्या कंत्राटात भाववाढ घाऊक किंमत निर्देशांकावरून मोजायची होती. कामाच्या दरम्यान केंद्र शासनाने १९९३-९४ या पायाभूत वर्षाची जुनी मालिका बंद करून २००४-०५ ची नवी मालिका सुरू केली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०१३ मध्ये परिपत्रक काढून जुन्या व नव्या आकड्यांची सांगड घालणारा गुणक लागू केला. कंत्राटदाराने त्याला संमती दिली नव्हती. लवादातील बहुमताने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी तो निवाडा रद्द केला. करारातील एका पक्षाने दुसऱ्यावर एकतर्फी नवी अट लादणे हे न्यायाच्या मूलभूत कल्पनेला धरून नाही, असे कारण देण्यात आले. निर्देशांकाचे पायाभूत वर्ष बदलणे ही नित्याची बाब आहे. ती करारात आधीच गृहीत धरली असती तर हा खटला उभाच राहिला नसता.

अभियंत्याचा निर्णय आणि लवाद

ब्रिटिश काळापासून शासकीय कंत्राटांत अभियंत्याला दुहेरी स्थान आहे. तो शासनाचा नोकर असतो आणि शासन व कंत्राटदार यांच्यातील मतभेदांवर पहिला निर्णयही तोच देतो. महाराष्ट्राच्या बी-१ नमुन्यातील कलम ३० नुसार अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक मानला गेला. हे कलम म्हणजे लवादाचा करार आहे काय, हा प्रश्न ‘विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१३ च्या निकालानुसार तो लवादाचा करार नाही. अधीक्षक अभियंता त्याच कामावर देखरेख ठेवणारा अधिकारी असतो. त्याला दोन्ही बाजूंचे पुरावे घेऊन न्यायनिवाडा करण्याचे काम सोपवलेले नाही. म्हणजे त्याने दिलेला तो ‘निर्णय’ होता, ‘निवाडा’ नव्हे. तत्त्वतः हे योग्यच आहे. व्यवहारात मात्र अशा कंत्राटदाराला लवादाचा मार्ग बंद होऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

जेथे लवादाचे कलम होते तेथेही लवाद बहुधा त्याच विभागातील वरिष्ठ किंवा निवृत्त अधिकारी असे. २०१५ च्या दुरुस्तीने पक्षकाराच्या नोकराला लवाद म्हणून नेमण्यास बंदी केली. २०१९ मध्ये ‘पर्किन्स ईस्टमन’ खटल्यात न्यायालयाने असे सांगितले की, निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने एकमेव लवाद नेमताही येणार नाही. रेल्वेसारख्या संस्था आपणच तयार केलेल्या यादीतून लवाद निवडायला लावत. या प्रथेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सार्वजनिक व खासगी पक्षांमधील कंत्राटांत लवादाची एकतर्फी नेमणूक करू देणारी कलमे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेच्या तत्त्वाचा भंग करतात, असे बहुमताने ठरले. कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश असू नये, हे तत्त्व फार जुने आहे, पण शासकीय बांधकामांच्या क्षेत्रात ते पूर्णत्वाने पोहोचण्यास एवढा काळ गेला.

लवाद कायद्याची वाटचाल

१९४० च्या लवाद कायद्याखाली लवादाच्या प्रत्येक टप्प्यावर न्यायालयात जाता येत असे. लवाद नेमण्यासाठी अर्ज, निवाडा दाखल करण्यासाठी अर्ज, मग त्यावर हरकती, हरकतींवर अपील, असा तो क्रम होता. १९८१ साली ‘गुरु नानक फाउंडेशन’ खटल्यात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी या स्थितीवर कठोर टीका केली. न्यायालयांतील वेळखाऊ प्रक्रिया टाळण्यासाठी योजलेला मार्गच वकिलांच्या हास्याचा आणि विचारवंतांच्या खेदाचा विषय झाला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो खटलाही एका इमारतीच्या बांधकामाचाच होता.

१९९६ मध्ये लवाद व समेट कायदा आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या आदर्श कायद्यावर तो आधारलेला होता. निवाडा रद्द करण्याची कारणे कलम ३४ मध्ये मोजकी ठेवण्यात आली. परंतु या कायद्यातही एक मोठी फट राहिली. हरलेल्या पक्षाने निवाड्याविरुद्ध नुसता अर्ज केला की निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबे, आणि असे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. शिवाय २००३ च्या ‘सॉ पाइप्स’ निकालाने निवाड्यातील उघड बेकायदेशीरपणा हेही रद्दबातलतेचे कारण ठरवले. त्यामुळे लवादाने तपासलेले विषय न्यायालयात पुन्हा उघडण्याचा मार्ग रुंदावला.

२३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. निवाड्यासाठी १२ महिन्यांची मुदत घातली गेली आणि ती संमतीने ६ महिने वाढवण्याची सोय ठेवली. आपोआप मिळणारी स्थगितीही रद्द झाली. २०१९ मध्ये संसदेने कलम ८७ घालून जुन्या प्रकरणांना ती स्थगिती परत दिली. त्याला हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने आव्हान दिले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी हीच ती कंपनी. तिचे म्हणणे असे होते की, शासकीय संस्थांविरुद्ध मिळालेल्या निवाड्यांचे पैसे स्थगितीत अडकून पडतात, आणि त्याच वेळी तिचे पुरवठादार थकबाकीसाठी दिवाळखोरी कायद्याखाली तिच्याविरुद्ध अर्ज करू शकतात. येणे वसूल होत नाही आणि देणे मात्र टळत नाही, अशी ही कोंडी होती. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ८७ घटनाबाह्य ठरवले.

दिल्ली विमानतळ मेट्रोचा खटला

निवाडा मिळाला म्हणजे तंटा संपला असे भारतात समजता येत नाही, हे या खटल्यावरून दिसते. दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाने २००८ मध्ये विमानतळ मार्गिकेसाठी एका खासगी कंपनीशी सवलत करार केला. मार्गाचे स्थापत्यकाम महामंडळाने करायचे आणि रेल्वे चालवण्याचे काम कंपनीने, अशी विभागणी होती. फेब्रुवारी २०११ मध्ये मार्गिका सुरू झाली. उन्नत मार्गातील दोषांमुळे जुलै २०१२ मध्ये कंपनीने वाहतूक थांबवली. दोष ठरलेल्या मुदतीत दूर झाले नाहीत असे कारण देऊन तिने ऑक्टोबरमध्ये करार संपवला.

मे २०१७ मध्ये तीन सदस्यांच्या लवादाने कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये व त्यावरील व्याज मंजूर केले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २०१८ मध्ये निवाडा कायम ठेवला, तर खंडपीठाने २०१९ मध्ये तो बाजूला सारला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा पुन्हा प्रस्थापित केला आणि त्यानंतर पुनर्विलोकन अर्जही फेटाळला. अखेरचा उपाय म्हणून महामंडळाने उपचारात्मक याचिका केली. १० एप्रिल २०२४ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती मान्य करून आपलाच २०२१ चा निकाल मागे घेतला. दोष दुरुस्त झाले होते किंवा नाही यासंबंधीच्या महत्त्वाच्या पुराव्याकडे लवादाने दुर्लक्ष केले, असे पीठाचे मत पडले. एव्हाना व्याजासह ही रक्कम सुमारे ८,००० कोटी रुपयांवर गेली होती.

हा निकाल योग्य की अयोग्य, यावर कायदेतज्ज्ञांत दोन तट आहेत. सार्वजनिक तिजोरीवरचा अन्याय्य बोजा टळला, असे एक मत आहे. अंतिम झालेला निकालही अंतिम नसेल तर भारतात गुंतवणूक करणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे. वादातीत गोष्ट एकच. तंटा जितका लांबतो तितके व्याज चढते, आणि मूळ रकमेच्या दुप्पट-तिप्पट झालेले हे ओझे शेवटी कोणाच्या तरी माथी बसतेच. एका बाजूस करदाता असतो, दुसऱ्या बाजूस कंपनीला कर्ज दिलेल्या बँका आणि त्यांचे ठेवीदार.

शासनाने केलेल्या सुधारणा

निवाडा विरोधात गेला की अपील करायचेच, असा शासकीय संस्थांचा शिरस्ता होता. त्यामागे निव्वळ हट्ट नव्हता. पैसे देऊन टाकणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे लेखापरीक्षण आणि दक्षता चौकशीला तोंड द्यावे लागण्याची भीती असते, तर अपील करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. पुढील बहुतेक उपाय या भीतीवर उतारा शोधणारे आहेत.

ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने निर्णय घेतला की, निवाड्याला आव्हान दिले असले तरी ७५ टक्के रक्कम बँक हमीच्या बदल्यात कंत्राटदाराला द्यावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने खरेदी व प्रकल्प व्यवस्थापनाबाबत सर्वसाधारण सूचना काढल्या. चालू देयकाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजी दिवसांत द्यावी, उरलेली तपासणीनंतर द्यावी, तसेच काही कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही भार देऊन निविदा निवडता यावी, असे त्यांत म्हटले आहे. सर्वांत कमी दराच्या नियमाची पकड यामुळे प्रथमच थोडी सैल झाली. २०१८ मध्ये विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातील दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांचे काम रखडवणारे मनाई हुकूम देण्यावर बंधन आले.

जुनी प्रकरणे मिटवण्यासाठी ‘विवाद से विश्वास’ या योजनेचा दुसरा भाग जुलै २०२३ मध्ये सुरू झाला. न्यायालयीन निकालाच्या प्रकरणांत देय रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत आणि लवादाच्या निवाड्यांत ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊन कंत्राटदाराने वाद सोडून द्यावा, अशी ती योजना होती. हक्काच्या शंभर रुपयांपैकी पासष्ट आज घ्यायचे की पूर्ण शंभरांसाठी आणखी दहा वर्षे थांबायचे, असा सौदा कंत्राटदारापुढे ठेवण्यात आला.

३ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र दिशा बदलली. शासकीय खरेदीच्या मोठ्या कंत्राटांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, सामान्यतः ते १० कोटी रुपयांहून कमी मूल्याच्या वादांपुरते ठेवावे आणि मोठे वाद २०२३ च्या मध्यस्थी कायद्याखाली सोडवावेत, असे त्यांत सांगितले आहे. लवाद खर्चिक व वेळखाऊ झाला आहे आणि निवाड्यांचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, ही शासनाची तक्रार निराधार नाही. तथापि मध्यस्थीत तडजोडीवर सही करणारा अधिकारी लागतो, आणि अपील करण्यामागची भीती येथेही त्याच्या मनातून जात नाही. तडजोड न झाल्यास उरते ते दिवाणी किंवा वाणिज्य न्यायालय, म्हणजे लवादाची व्यवस्था ज्यापासून सुटका म्हणून आली तेच.

इतर देशांतील अनुभव

इंग्लंडमध्ये बांधकाम व्यवसायातील कटुता विकोपाला गेल्यावर सर मायकेल लॅथम यांनी १९९४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या आधारे १९९६ मध्ये कायदा झाला व १ मे १९९८ पासून तो लागू झाला. त्यानुसार कंत्राटातील कोणत्याही पक्षाला केव्हाही ‘अ‍ॅडज्युडिकेशन’ मागता येते. त्रयस्थ तज्ज्ञ साधारण २८ दिवसांत निर्णय देतो आणि दोघांनाही तो तूर्त पाळावा लागतो. असमाधानी पक्षाला नंतर लवाद किंवा न्यायालयात जाता येते, पण आधी पैसे द्यायचे आणि मग भांडायचे. याच कायद्याने ‘मला वरून मिळतील तेव्हा तुला देईन’ अशा अटींवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९९९ मध्ये आणि सिंगापूरने २००४ मध्ये अशाच धर्तीचे कायदे केले.

अभियंता सल्लागारांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नमुना कंत्राटांत वाद मंडळाची तरतूद केली आहे. हे मंडळ काम सुरू असतानाच जागेला भेटी देते. खडकाचा थर कोणता हे पाया भरण्यापूर्वी पाहता येणे, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल. भारतातही मोठ्या कंत्राटांत अशी मंडळे नेमली जातात. मात्र इंग्लंडप्रमाणे प्रत्येक बांधकाम कंत्राटाला लागू होणारा त्वरित निर्णयाचा कायदा भारतात झालेला नाही.

उपकंत्राटदार आणि मजूर

वर वर्णिलेल्या सुधारणांचा लाभ मुख्यतः शासनाशी थेट करार असलेल्या मोठ्या कंपन्यांना होतो. त्यांच्याखालील उपकंत्राटदाराचा शासनाशी करारच नसतो. वरून पैसे आल्यावर तुझे देऊ, ही अट भारतात आजही सर्रास घातली जाते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरवले आहे. परंतु बांधकामाचे कंत्राट या कायद्यात बसते किंवा नाही, यावर न्यायालयांची मते एकसारखी राहिलेली नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ते बसत नाही असा अर्थ लावला आहे.

लहान कंत्राटदाराच्या दृष्टीने लवाद ही दूरची गोष्ट असते. वकील, लवादाचे शुल्क आणि काही वर्षांची उसंत यांपैकी त्याच्याकडे काहीच नसते. शिवाय त्याच विभागाकडे त्याला पुढचे काम मागायचे असते. त्यामुळे त्याचे बहुतेक तंटे कागदावर येतच नाहीत. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये कंत्राटदार संघटनांनी हजारो कोटी रुपयांची देयके थकल्याचे सांगत आंदोलने केली. या थकबाकीत कराराच्या अर्थाबद्दल फारसा वाद नव्हता. काम मान्य, मोजमाप मान्य, निधी मात्र उपलब्ध नाही, असे तिचे स्वरूप होते. मंजूर तरतुदीपेक्षा अधिक कामांना कार्यारंभ आदेश दिले गेले की ही स्थिती येते, आणि तिच्यावर लवाद किंवा मध्यस्थी हा इलाज होऊ शकत नाही.

पैशाच्या या साखळीत मजूर सर्वांत शेवटी येतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती मुख्य नियोक्त्याने द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद केली. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवून कामगार कल्याण मंडळांसाठी निधी उभारला. त्याचा दर १ टक्का ठेवण्यात आला. नोंदणी झालेल्या कामगाराला या निधीतून शिक्षण, आरोग्य, प्रसूती इत्यादींसाठी साहाय्य मिळते, थकलेली मजुरी मात्र मिळत नाही. ऊसतोड आटोपून किंवा परराज्यातून आलेली मजुरांची टोळी बहुधा मुकादमामार्फत कामाला लागते. तिचे नाव मुख्य कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतेच असे नाही. अशा वेळी मुख्य नियोक्त्याकडे मजुरी मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला असूनही तो बजावण्यासाठी लागणारा कागद तिच्याजवळ नसतो.